थंडीत ठोकणारे ट्रकचे डिझेल इंजिन: चेंबर उतरवण्याआधी करायची तपासणी

थंडीच्या पहाटे ट्रकचे इंजिन पहिल्या सेल्फलाच ठोकू लागते, पाच-दहा मिनिटांत आवाज विरतो आणि पुढे दिवसभर गाडी काही कुरबुर न करता चालते, ही तक्रार निपाणीपासून खानापूरपर्यंत नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात हमखास ऐकू येते. दुर्दैवाने ती ऐकल्यावर अनेक ठिकाणी पहिला सल्ला मिळतो तो चेंबर, म्हणजे इंजिनाखालचे ऑइलचे भांडे, उतरवून बेअरिंग पाहण्याचा. एका ट्रकवर घर चालवणाऱ्या मालकाला ऐन उसाच्या हंगामात इंजिन उघडावे लागले तर नुकसान दुरुस्तीच्या बिलापुरते राहत नाही. गाडी उभी राहते, तोडणी टोळीची खेप दुसऱ्याच्या गाडीत जाते आणि कर्जाचा हप्ता मात्र तारखेला येतोच. म्हणून मी आग्रहाने सांगतो, की थंडीतला ठोका ओळखताना आवाज कसा आहे याच्या आधी तो केव्हा सुरू होतो आणि किती वेळाने, किती तापमानाला थांबतो हे मोजावे. ही मोजणी हाती येईपर्यंत इंजिनाचा एकही नट सोडू नये.

थंडीत डिझेल का ठोकते

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, त्या दाबाने हवा तापते आणि तापलेल्या हवेत नोझलने फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. फवारा सुरू होणे आणि पेट घेणे यांच्यामध्ये अगदी थोडा वेळ जातो. तो वेळ लांबला, तर तेवढ्या अवधीत सिलिंडरमध्ये जादा डिझेल साठते, सगळे एकदम पेटते, दाब झटक्याने चढतो आणि त्या झटक्याचा खणखणीत आवाज ब्लॉकमधून बाहेर ऐकू येतो. थंडीतला बहुतेक ठोका हाच असतो. तो ज्वलनाचा ठोका आहे, लोखंडावर लोखंड आपटण्याचा नव्हे.

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि डिसेंबर-जानेवारीत इथला पहाटेचा पारा १२ ते १४ अंशांपर्यंत, कधी त्याच्याही खाली उतरतो. हिमालयातल्या थंडीपुढे हे काहीच नाही, मग इंजिनाला फरक का पडावा, असा प्रश्न रास्त आहे. सतरास एक कॉम्प्रेशन असलेल्या, म्हणजे हवा सतराव्या हिश्शात दाबणाऱ्या, इंजिनाचा ढोबळ हिशेब केला, तर ३५ अंशांची हवा आत घेतल्यावर दाबाच्या शेवटी तिचे तापमान साडेपाचशे अंशांच्या आसपास जाते आणि १२ अंशांची हवा घेतल्यावर पाचशेच्या थोडे खाली राहते. बाहेरचा २३ अंशांचा फरक आत जवळपास ६० अंशांचा होतो. प्रत्यक्षात थंड लाइनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) आणि थंड पिस्टन आणखी उष्णता खेचून घेतात, शिवाय या उंचीवर किनाऱ्याच्या तुलनेत हवा सुमारे ७ टक्के विरळ असते. निरोगी इंजिन हे सगळे सहज पेलते. ज्याचे कॉम्प्रेशन थोडे उतरले आहे, नोझल थोडा गळतो आहे किंवा बॅटरी थोडी मंदावली आहे, असे इंजिन उन्हाळ्यात ते दुखणे लपवते आणि थंडीत उघडे पडते. गोव्याहून रात्री घाट चढून आलेली गाडी पहाटे खानापूर किंवा जांबोटीच्या बाजूला ठोकते आणि तीच गाडी फोंड्याला उभी असताना ठोकत नाही, याचे कारणही हेच आहे.

एक शंका येथेच दूर करावी. थंडीने डिझेल गोठते, त्यातले मेण फिल्टरला बसते, असे पुष्कळदा ऐकायला मिळते. भारतीय मानकानुसार हिवाळी डिझेल थंडीमुळे फिल्टरमधून जाण्याचे थांबते त्या तापमानाची कमाल मर्यादा ६ अंश आहे, उन्हाळी डिझेलसाठी ती १८ अंश आहे. सीमाभागातल्या थंडीत ताज्या हिवाळी डिझेलने असा त्रास देण्याचे कारण नाही. टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिलेले जुने डिझेल असेल तर मात्र ते काढून ताजे भरावे आणि मगच पुढे विचार करावा.

आदल्या संध्याकाळी

ही तपासणी गरम इंजिनावर होत नाही. गाडी किमान आठ तास, शक्यतो रात्रभर, बंद असली पाहिजे. ती सपाट जागी उभी करावी आणि भिंतीला किंवा पत्र्याच्या शेडला खेटून लावू नये, कारण परत आलेला आवाज कानाला फसवतो. संध्याकाळीच शेवटचे डिझेल कोणत्या पंपावर भरले, ऑइल केव्हा बदलले, फिल्टर कोणता बसवला आणि ठोका पहिल्यांदा केव्हा ऐकला, हे कागदावर लिहून ठेवावे. ठोका नेमका एखाद्या दुरुस्तीनंतर किंवा टाकी भरल्यानंतर सुरू झाला असेल, तर निम्मा शोध त्या कागदावरच लागतो. नोझल काढून बसवल्यावर, पंप दुरुस्त करून आणल्यावर किंवा हेड (सिलिंडरवरचे झाकण) उतरवल्यावर सुरू झालेला ठोका दुसरीकडे शोधण्याआधी त्याच कामात शोधावा.

सकाळसाठी एक मदतनीस, मोबाइल, घड्याळ, इंजिनाला टेकवून आवाज ऐकण्यासाठी लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर किंवा मेस्त्रीची नळी आणि मिळाल्यास दुरून तापमान दाखवणारे इन्फ्रारेड थर्मामीटर, एवढे पुरते.

सेल्फ मारण्यापूर्वी

प्रथम डिपस्टिक काढावी. ऑइलची पातळी संध्याकाळपेक्षा किंवा गेल्या आठवड्यापेक्षा वाढलेली दिसली आणि ऑइलला डिझेलचा वास आला, तर नोझल गळतो आहे किंवा टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपातून डिझेल चेंबरमध्ये उतरते आहे. असे पातळ झालेले ऑइल बेअरिंगचे रक्षण करू शकत नाही, म्हणून ही खूण सापडली तर इंजिन चालू न करणेच शहाणपणाचे. ऑइल ताकासारखे पांढुरके दिसले तर त्यात पाणी गेले आहे. रेडिएटरमधले पाणी किंवा कूलंट रात्रीतून कमी झाले असेल, तर ते एखाद्या सिलिंडरमध्ये उतरले असण्याची शक्यता धरावी. अशा वेळी सेल्फ मारताच इंजिन एक ‘धप्प’ आवाज करून जागच्या जागी अडते. पुन्हा जोर लावल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि वाकलेला रॉड पुढे कायमचा ठोका देतो. एकदा अडले की थांबावे, नोझल काढावेत आणि मगच इंजिन फिरवून पाहावे.

त्यानंतर सेडिमेंटरच्या, म्हणजे डिझेलमधले पाणी वेगळे करणाऱ्या भांड्याच्या, तळाचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे. खाली पाण्याचा थर दिसला तर ते निघून जाईपर्यंत सोडावे. अर्धी रिकामी टाकी रात्रभर थंडीत उभी राहिली की आतल्या हवेतला ओलावा टाकीच्या पत्र्यावर धरतो, म्हणून या दिवसांत टाकी सकाळऐवजी संध्याकाळी भरणे चांगले.

चोवीस व्होल्टच्या गाडीत दोन्ही बॅटऱ्या मिळून पूर्ण चार्ज असताना २५.४ व्होल्टच्या जवळपास दाखवतात. २४.४ च्या आसपास दिसले तर बॅटरी निम्म्यावर आहे. सेल्फ फिरत असताना व्होल्टेज १९ च्या खाली गेले, तर इंजिन हळू फिरते, दाबलेल्या हवेला रिंगांमधून निसटायला जास्त वेळ मिळतो आणि हवा पुरेशी तापत नाही. पुष्कळ वेळा थंडीतल्या ठोक्याचे मूळ दोन जुन्या बॅटऱ्यांत आणि गंजलेल्या अर्थ केबलमध्ये सापडते, आणि तिकडे कोणाचे लक्षच गेलेले नसते.

बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांत या क्षणी आणखी एक तपासणी करता येते आणि ती मला फार मोलाची वाटते. स्कॅनर जोडून, इंजिन बंद ठेवून, फक्त चावी चालू करावी आणि कूलंट, आत येणारी हवा आणि डिझेल या तिन्हींची तापमाने वाचावीत. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत ती जवळपास एकच असायला हवीत. दोन सेन्सर १३-१४ अंश दाखवत असताना कूलंटचा सेन्सर ४५ अंश सांगत असेल, तर कंट्रोल युनिट (इंजिनाचा संगणक) इंजिन गरम आहे असे समजून डिझेलचे प्रमाण आणि टायमिंग ठरवते, आणि थंड इंजिन ठोकते. एक लहानसा सेन्सर बदलून सुटणाऱ्या या दोषापायी नोझलचा अख्खा संच बदललेल्या गाड्या आहेत, म्हणून ही पाच मिनिटे वाचवू नयेत.

पहिली दहा मिनिटे

मदतनीसाला मोबाइल इंजिनाजवळ, पण पंख्यापासून दूर धरायला सांगावे आणि सेल्फ मारण्याच्या आधीपासून चित्रीकरण सुरू करावे. गाडी न्यूट्रलमध्ये असावी, हँडब्रेक ओढलेला असावा, चाकांना लाकडी ओट लावलेले असावेत. इंजिन सुरू झाल्यावर रेस देऊ नये. एक जण घड्याळ पाहील, दुसरा सायलेन्सरचा धूर पाहील.

पहिल्या तीन-चार सेकंदांत खडखड होऊन लगेच थांबली, तर ऑइल वर पोहोचायला उशीर झाला, एवढाच त्याचा अर्थ. रात्रीत फिल्टर रिकामा होत असेल, म्हणजे आतली ऑइल परत जाऊ न देणारी झडप निकामी किंवा फिल्टरच हलका असेल, तर हे रोज घडते. ऑइलचा ग्रेडही पाहावा. इंजिनासाठी सांगितलेले १५डब्ल्यू-४० टाळून स्वस्त किंवा ‘जाड ऑइल आवाज मारते’ म्हणून त्याहून जाड ऑइल भरले असेल, तर थंडीत ते वर टॅपेटपर्यंत (झडपा उघडणाऱ्या भागांपर्यंत) आणखी उशिरा पोहोचते. जाड ऑइलने आवाज दबतो, झीज दबत नाही.

खणखण आवाज सुरुवातीपासून आहे, सोबत डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर आहे आणि अर्ध्या मिनिटापासून दोन-तीन मिनिटांपर्यंत दोन्ही एकत्रच कमी होत जातात, तर तो ज्वलनाचा ठोका समजावा. झोंबणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. हाच पांढरेपणा कूलंटच्या गोडसर वासाचा असेल आणि इंजिन गरम झाल्यावरही टिकत असेल, तर ते पाणी आहे, आणि मग हेड गॅस्केटकडे वळावे. थंडीत निरोगी गाडीच्या सायलेन्सरमधूनही थोडी वाफ निघते. ती वास नसलेली असते आणि हवेत चटकन विरते.

धूर फारसा नाही, पण पोकळ ‘ठक-ठक’ आवाज पाच-दहा मिनिटांत, कूलंटचा काटा चढत जाईल तसा हळूहळू विरतो, तर पिस्टन लाइनरवर आपटतो आहे. अॅल्युमिनियमचा पिस्टन ओतीव लोखंडाच्या लाइनरपेक्षा जास्त फुगतो, म्हणून थंडीत दोघांमध्ये जागा राहते आणि तापल्यावर ती भरते. लाखो किलोमीटर चाललेल्या जुन्या इंजिनात हा आवाज थोडा असतोच. ऑइलचा खप वाढलेला नसेल, ब्रीदरमधून (चेंबरची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे रिंगांमधून निसटलेला वायू, मारत नसेल आणि ओढ कमी झालेली नसेल, तर अशी गाडी हंगाम संपेपर्यंत निर्धास्त चालवावी, असे माझे मत आहे. इंजिन बांधायचेच असेल तर पावसाळ्यात, काम कमी असताना, सवडीने बांधता येते.

आवाज गरम झाल्यावर कमी होण्याऐवजी वाढत गेला, किंवा थंडीत नव्हता आणि गरम होऊन लोड पडल्यावर आला, तर ती बेअरिंगची वागणूक आहे. तापलेले ऑइल पातळ होते, झिजलेल्या बेअरिंगमधला थर तुटतो आणि ठोका उघड होतो. अशा वेळी थंडीला दोष देऊ नये आणि गाडीही चालवू नये.

घरी येऊन चित्रीकरण पाव गतीने लावून ऐकावे. आयडलला, म्हणजे रेस न देता, इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्या मारते, म्हणजे सेकंदाला १०. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणून एकाच सिलिंडरचा ज्वलनाचा ठोका किंवा एकाच टॅपेटची टिकटिक सेकंदाला ५ वेळा होते. पाव गतीला ती सेकंदाला सव्वा होते आणि आरामात मोजता येते. प्रत्येक फेरीला होणारा आवाज, म्हणजे फ्लायव्हील सैल असणे, क्रँकच्या टोकाचा डँपर फुटणे किंवा काही वेळा बिग एंडचा (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या बेअरिंगचा) ठोका, त्याच्या दुप्पट गतीने येतो. सगळेच सिलिंडर ठोकत असतील तर कोणतीही लय वेगळी काढता येत नाही, नुसती सलग खणखण ऐकू येते. त्यावरून दोष एका नोझलचा नसून डिझेल, टायमिंग, सेन्सर किंवा सेल्फ यांसारख्या सामायिक गोष्टींत आहे, असा अंदाज बांधता येतो.

ठोकणारा सिलिंडर कसा शोधावा

इन्फ्रारेड थर्मामीटर असेल, तर इंजिन सुरू झाल्यापासून एक मिनिटाच्या आत एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या प्रत्येक फाट्याचे तापमान घ्यावे. बाकी सगळे तापत असताना एक फाटा मागे राहिला, तर त्या सिलिंडरमध्ये डिझेल नीट पेटत नाही.

टाटाचे ६९७ किंवा लेलँडचे हिनो यांसारख्या इनलाइन पंपाच्या जुन्या इंजिनांत मेस्त्री एकेका नोझलच्या पाइपचा नट अर्धा-पाऊण आटा सैल करतात आणि त्या सिलिंडरचे डिझेल तोडतात. ही पद्धत खरोखर उत्तम आहे. डिझेल तोडताच ठोका पूर्ण नाहीसा झाला, तर दोष त्या सिलिंडरच्या ज्वलनात म्हणजे बहुधा नोझलमध्ये आहे. ठोका मंद झाला पण उरला, तर त्या सिलिंडरचा बिग एंड, गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी) किंवा पिस्टन संशयित ठरतो, कारण ज्वलनाचा भार काढल्यावर यांत्रिक ठोका हलका होतो, नाहीसा होत नाही. कोणत्याही सिलिंडरने फरक पडला नाही, तर आवाज सिलिंडरबाहेरचा आहे. नट सैल करताना चष्मा आणि जाड हातमोजे घालावेत, नटावर कापड धरावे आणि पुढे बोट नेऊ नये.

कॉमन रेल इंजिनात, म्हणजे जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच मोठ्या दाबाच्या नळीतून डिझेल मिळते, ही पद्धत कधीही वापरू नये. तिथे पाइपमध्ये १,६०० बार आणि त्याहून अधिक दाब असतो. एवढ्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. वर टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते आणि आत डिझेल पसरत जाऊन बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असे झाल्यास दुखत नसले तरी त्याच क्षणी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि ‘दाबाचे डिझेल आत गेले आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. कॉमन रेलमध्ये स्कॅनरवरूनच एकेक सिलिंडर बंद करून पाहता येतो, आणि प्रत्येक इंजेक्टरचे परतीचे डिझेल वेगवेगळ्या बाटल्यांत घेऊन तुलना करता येते. ती जोडणीसुद्धा इंजिन बंद करून, दाब उतरल्यावर, जाणकाराकडूनच करून घ्यावी.

ज्वलनाचा ठोका ठरला, तर या क्रमाने जावे

आधी डिझेल. भारतीय मानकानुसार आपल्या डिझेलची सीटेन संख्या किमान ५१ असते, म्हणजे ते लवकर पेट घेते. रॉकेल किंवा सुटे विकले जाणारे कसलेसे ‘बायोडिझेल’ मिसळले, तर पेट घेण्याचा वेळ बिघडतो आणि पंप-नोझलचे वंगणही कमी होते. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या दरांत फरक असल्याने कुठे स्वस्त मिळते हे पाहण्याचा मोह असतो. पंप बदलण्यात काही गैर नाही, मात्र पंप सोडून कॅनमधले डिझेल घेऊ नये. पंपावर घनता मोजून दाखवण्याची मागणी ग्राहकाला करता येते, आणि तिथल्या नोंदीपेक्षा प्रतिघनमीटर ३ किलोहून अधिक फरक निघाला तर ते डिझेल घेऊ नये. संशय असेल तर टाकी रिकामी करून, फिल्टर बदलून, खात्रीच्या पंपाचे डिझेल भरावे आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा मोजणी करावी. एवढ्यानेच ठोका गेला, तर पुढचे काही करण्याची गरज नाही.

नंतर हवा. टाकी ते फीड पंप या ओढीच्या बाजूला एखादा वॉशर सुकलेला असला, तर तिथून डिझेल गळत नाही, पण रात्रीतून हवा आत शिरते. सकाळी सेल्फ जास्त मारावा लागतो, इंजिन अडखळत सुरू होते आणि पहिला मिनिटभर ठोकते. फिल्टरच्या आधी पारदर्शक पाइपचा तुकडा जोडून बुडबुडे पाहावेत. तांब्याचे वॉशर आणि रबरी पाइप बदलणे हा यावरचा उपाय आहे आणि तो फार स्वस्त आहे.

नंतर नोझल. काढलेला नोझल टेस्टरवर लावून तीन गोष्टी पाहाव्यात: तो कंपनीने सांगितलेल्या दाबाला उघडतो का (जुन्या इंजिनांत हा दाब साधारण २०० ते २५० बार असतो), फवारा धुक्यासारखा बारीक आणि सगळ्या छिद्रांतून सारखा पडतो का, आणि उघडण्याच्या थोड्या आधी टोकाला थेंब धरतो का. थेंब धरणारा नोझल हा थंडीतल्या ठोक्याचा फार मोठा वाटेकरी आहे. बसवताना खालचा तांब्याचा वॉशर नवा घालावा आणि जुना खाचेत चिकटून राहिलेला नाही याची खात्री करावी, कारण दोन वॉशर गेले की नोझल वर राहतो आणि फवारा चुकीच्या जागी पडतो. कॉमन रेलचा इंजेक्टर बदलल्यास त्यावर छापलेला कोड स्कॅनरने कंट्रोल युनिटमध्ये भरणे आवश्यक असते. मुख्य फवाऱ्याआधी डिझेलचा एक छोटा फवारा मारून ही इंजिने ठोका दाबतात. कोड भरला नाही, तर त्या छोट्या फवाऱ्याचे माप चुकते आणि नवा, निर्दोष इंजेक्टरसुद्धा ठोकतो.

टायमिंग शेवटी. पंप उतरवून पुन्हा बांधला असेल, तर एखाद्या दातानेही टायमिंग पुढे गेलेले असू शकते. पुढे गेलेले टायमिंग थंडीत आणि गरमीत, दोन्ही वेळा ठोकते आणि ओढ उलट बरी वाटते, म्हणून ड्रायव्हरला ते दोष वाटत नाही. मागे गेलेले टायमिंग ठोकण्यापेक्षा पांढरा धूर जास्त देते. हे काम अंदाजाने पंप हलवून करू नये. फ्लायव्हीलची खूण आणि पंपाची खूण जुळवूनच करावे. पिकअपसारख्या लहान गाड्यांत ग्लो प्लग (सिलिंडर तापवणारे विजेचे प्लग) असतात, तिथे नोझलच्या आधी ते तपासावेत, कारण एखादा प्लग गेला की फक्त तेवढाच सिलिंडर पहिले मिनिटभर ठोकतो.

काढून टाकलेला थर्मोस्टॅट

या भागात उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची सवय फार रुळलेली आहे, आणि थंडीतल्या ठोक्याच्या विचारात तिचे नावही कोणी काढत नाही. थर्मोस्टॅट साधारण ८० अंशांच्या आसपास उघडतो. तोवर तो कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देत नाही आणि इंजिन लवकर तापते. तो नसला तर पहिल्या सेकंदापासून थंड रेडिएटर इंजिनाची उष्णता काढून घेतो. काटा अर्ध्यावर यायला अर्धा-पाऊण तास लागतो किंवा तो येतच नाही, आणि दहा मिनिटांत थांबणारा ठोका तासभर चालतो. चिकोडी, रायबाग, अथणीकडे साखर कारखान्याच्या वजनकाट्यापुढे रात्रभर रांगेत पुढे सरकणाऱ्या गाड्यांत याचा परिणाम सर्वांत वाईट असतो. इंजिन तासन्‌तास आयडलवर, लोडविना, थंडच चालत राहते. नोझलवर काजळी धरते, न जळलेले डिझेल लाइनरवरून ऑइलमध्ये उतरते आणि काही आठवड्यांत खरोखरच रिंग आणि बेअरिंगची झीज सुरू होते. म्हणजे जो दोष सुरुवातीला फक्त आवाजाचा होता, तो यंत्राचा होतो.

गाडी सुरू केल्यावर पाच मिनिटांनी रेडिएटरच्या वरच्या पाइपला बाहेरून सावधपणे हात लावून पाहावा. इंजिन अजून गार असताना पाइप कोमट होऊ लागला असेल, तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडाच अडकला आहे. योग्य मापाचा नवा बसवावा. उन्हाळ्यात गाडी तापत असेल तर रेडिएटर, पंखा आणि पाण्याचा पंप पाहावा. थर्मोस्टॅट काढणे हा त्यावरचा उपाय नव्हे. रांगेत वीस-पंचवीस मिनिटे पुढे सरकायचे नसेल, तर इंजिन बंद करावे. बॅटरी आणि सेल्फ धड असतील तर पुन्हा सुरू करण्यात काही हरकत नाही.

इंजिनाबाहेरचे फसवे ठोके

एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर झिजला की अगदी बिग एंडसारखा ठोकतो. टाकीतली हवा भरून तो मोकळा फिरू लागताच आवाज बदलला, तर दोष त्याचाच. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गॅस्केट फुटले, तर थंडीत ‘टक-टक’ येते आणि लोखंड तापून फुगल्यावर फट मिटून आवाज जातो, म्हणून हा पिस्टनचा ठोका समजला जातो. सांध्याजवळ काजळीची काळी रेघ दिसली की निकाल लागला. क्लच दाबल्यावर बदलणारा आवाज बहुधा इंजिनाचा नसतो. अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप संशयित वाटल्यास बेल्ट काढून जास्तीत जास्त अर्धा मिनिट इंजिन चालवून पाहावे.

चेंबर केव्हा उतरवावा

ऑइलचे प्रेशर गरम आयडलला कंपनीच्या मर्यादेखाली जात असेल, ठोका गरमीत वाढत असेल आणि सिलिंडरचे डिझेल तोडल्यावर मंद होऊनही उरत असेल, या तीन खुणा एकत्र आल्या तर चेंबर उतरवण्यास हरकत नाही. त्याही आधी ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उघडून पाहावा. तांबूस किंवा चंदेरी चमक, चुंबकाला न चिकटणारे बारीक कण दिसले, तर बेअरिंगचा थर निघतो आहे. चुंबकाला चिकटणारे कण रिंग, लाइनर, कॅम किंवा गिअरकडे बोट दाखवतात. कागद स्वच्छ असेल, तर मेस्त्री कितीही अनुभवी असो, एक पहाट आणखी थांबून मोजणी पुन्हा करण्याची विनंती त्यांना जरूर करावी. कॉम्प्रेशन मोजायचे असेल तर सगळ्या सिलिंडरचे, चार्ज केलेल्या बॅटरीवर, एकाच वेळी मोजावे. एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधली तफावत जास्त बोलते.

पहाटे करू नयेत अशा गोष्टी

चेंबरखाली पाचट पेटवून इंजिन शेकण्याचा प्रकार आजही दिसतो. ऑइलने माखलेला चेंबर, डिझेलचे पाइप आणि वरती वाळलेल्या पाल्यासकट भरलेला ऊस, यांखाली जाळ करणे हा जिवाशी खेळ आहे. हवेच्या पाइपात इथरचा फवारा मारल्यास इंजिन चटकन सुरू होते, पण तो इतका लवकर आणि जोराने पेटतो की रिंगा तुटू शकतात, आणि हीटर किंवा ग्लो प्लग असलेल्या गाडीत मॅनिफोल्डमध्येच स्फोट होऊ शकतो. पंपावर उकळते पाणी ओतू नये. आतले प्लंजर अतिशय बारीक मापात बसलेले असतात आणि एका बाजूने एकदम तापल्यास अडकू शकतात. सुरू झाल्यावर थंड इंजिनाला जोरात रेस देऊ नये. दोन-तीन मिनिटे आयडलवर ठेवून, मग पहिले चार-पाच किलोमीटर हलक्या पायाने चालवावी. लोडवर इंजिन लवकर तापते. बीएस-६ गाडी पाऊण तास उभी तापवल्याने धुराचा फिल्टर काजळीने भरण्याखेरीज काही हाती लागत नाही.

दुरुस्तीनंतर

गॅरेजमध्ये संध्याकाळी गरम इंजिन ऐकवून ‘आवाज गेला’ असे सांगितले गेले, तर ते मान्य करू नये, कारण गरम इंजिनाचा आवाज आधीही गेलेलाच होता. गाडी एक रात्र बाहेर उघड्यावर ठेवावी, पहाटे पूर्वीसारख्याच जागी, पूर्वीइतक्याच अंतरावरून पुन्हा चित्रीकरण करावे आणि जुन्या चित्रीकरणाशेजारी लावून मेस्त्रींबरोबर बसून ऐकावे. ठोका थांबायला आधी किती मिनिटे लागत होती आणि आता किती लागतात, हे बिलाच्या मागच्या बाजूला तारीख आणि त्या पहाटेच्या तापमानासह लिहून ठेवावे. काढलेले जुने नोझल आणि सेन्सर या चाचणीपर्यंत सिलिंडरचा क्रमांक लिहून गॅरेजमध्येच वेगळे ठेवायला सांगावे, म्हणजे ठोका राहिला तर नेमके काय बदलले आणि काय बदलायचे उरले, यावर वाद होत नाही.